एसटीची फेरी मागायची कशी? पुणे जिल्ह्यातल्या गावांसाठी

'आमच्या गावाला एसटी सुरू करावी, ही नम्र विनंती.' खाली सरपंचांची सही, शिक्का आणि गावकऱ्यांच्या सह्या-अंगठे. बहुतेक गावांचा अर्ज असाच असतो आणि आगारातल्या फायलीत जाऊन बसतो. कारण त्यावर आगाराला करता येईल असं काही लिहिलेलंच नसतं. गाडी किती वाजता हवी, कुठून कुठे हवी, माणसं किती, रस्ता कसा, गाडी वळणार कुठे? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नसतं.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहूनच अहमदनगरला सुटली. त्याच पुणे जिल्ह्यात पानशेत-वरसगावच्या मागे, नीरा-देवघरच्या कडेने, डिंभ्याच्या वरच्या अंगाला आजही अशी गावं आहेत, जिथे मुलगी दहावीनंतर शिकणार की घरी बसणार, हे एका गाडीच्या वेळेवर ठरतं. हा लेख त्या गावांतल्या नव्या माणसांसाठी आहे. पहिल्यांदा निवडून आलेले सदस्य, बचत गटाच्या ताई, शिक्षक, कॉलेजला जाणारी पोरं, कुणीही हे काम हातात घेऊ शकतं. त्यासाठी पुढारी असावं लागत नाही. वही, पेन आणि चिकाटी लागते.

मनात पक्की बांधून ठेवायची गोष्ट एकच: नवी फेरी मागण्याआधी योग्य वेळ मागा. आपल्याकडच्या कितीतरी गावांना गाडी आहे, पण ती कामाच्या वेळेला नाही. कॉलेज साडेसातला भरतं आणि गाडी सव्वानऊला पोचते. दवाखान्याची ओपीडी सकाळची आणि गाडी दुपारची. मग गाडी रिकामी धावते, उत्पन्न नाही म्हणून बंद होते आणि गावाला वाटतं, आपल्यावर अन्याय झाला. अन्याय झालेला असतोच, पण तो वेळापत्रकात झालेला असतो आणि तिथेच दुरुस्त करावा लागतो.

आधी कुणाचं दार ठोठवायचं ते ठरवा

एसटीची रचना सोपी आहे. वर मुंबईचं मध्यवर्ती कार्यालय, त्याखाली विभाग, विभागाखाली आगारं. तुमचा रोजचा संबंध आगार व्यवस्थापकांशी. त्यांच्या वर पुणे विभागाचे विभाग नियंत्रक आणि विभागीय वाहतूक अधिकारी. बसस्थानकाच्या खिडकीत बसलेले वाहतूक नियंत्रक फेऱ्या मंजूर करत नाहीत, पण कुठली गाडी रोज उशिरा येते आणि कुठली कधी रद्द होते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांच्याशी बोलणं ठेवा.

आपलं आगार कुठलं, यात नवी माणसं हमखास घोटाळा करतात. तालुका आणि आगार यांचं जमतंच असं नाही. जुन्नरला बसस्थानक आहे, पण आगार नारायणगावला. मुळशी आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांना स्वतःचं आगार नाही. तिकडच्या गाड्या दुसरीकडून सुटतात. खेड तालुक्याचं राजगुरुनगर, पुरंदरचं सासवड, मावळचं तळेगाव. शंका असेल तर जवळच्या रस्त्याने जाणारी गाडी थांबली की तिच्यावर आगाराचं नाव बघा किंवा वाहकाला विचारा.

पुणे शहराच्या आसपासच्या गावांपुढे दुसरा प्रश्न असतो: एसटी की पीएमपी? पीएमपीएमएल २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून झाली आणि तिच्या गाड्या दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेरही बऱ्याच गावांपर्यंत जातात. २०२१-२२ मध्ये एसटीचा लांबलेला संप चालू असताना पीएमपीने ग्रामीण भागात मार्ग वाढवले आणि संप मिटल्यावर २०२२ च्या अखेरीस त्यातले काही काढूनही घेतले. तेव्हा पीएमपी आली म्हणून एसटीचा नाद सोडू नका. ज्या रस्त्यावर एसटी पूर्वीपासून धावते, तिथे पहिला अर्ज एसटीकडे. हिंजवडी, चाकण, वाघोली, उरुळी असा नोकरीचा ओढा शहराच्या कडेला असेल, तर पीएमपी. दोन्हीकडे एकच मजकूर पाठवला तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. मागण्या वेगवेगळ्या लिहा.

मोजणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात मोलाचं आहे. आगाराकडे तुमच्या गावाचे आकडे नसतात. जी गाडी धावतच नाही, तिच्यासाठी फाट्यावर किती माणसं उभी असतात, हे तिकिटाच्या मशिनमध्ये कुठून दिसणार?

फाट्यावर दोन-तीन जणांनी पहाटेपासून दहापर्यंत आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत थांबायचं. साधा कामाचा दिवस एक आणि आठवडे बाजाराचा दिवस एक. सणासुदीचा किंवा लग्नाच्या दाट तिथीचा दिवस घेऊ नका, आकडा फुगतो आणि पुढे तुमचाच शब्द खोटा पडतो. वहीत रकाने आखायचे: किती वाजता निघाला, कुठे जायचंय, तिथे किती वाजता पोचायला हवं, परत किती वाजता निघता येतं, आज कशाने चाललाय, पैसे किती मोजले.

यातला 'किती वाजता पोचायला हवं' हा रकाना सोन्यासारखा जपा. आणि 'एसटी आली तर बसाल का?' असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. 'काल कशाने गेलात?' असं विचारा. माणूस खरं सांगतो: 'वडाप (खासगी प्रवासी जीप) भरेपर्यंत पाऊण तास बसले, मग निघाली', 'दुधाच्या गाडीत मागं बसून गेलो', 'भावानं मोटरसायकलवरनं सोडलं, त्याचा खाडा झाला'. ही उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. अर्जाला जोडलेल्या पानावर अशी चार वाक्यं असली की वाचणारा अधिकारी थांबतो.

बायकांना वेगळं विचारा, आणि विचारणारी बाईच असू द्या. पुरुष सकाळच्या गाडीबद्दल बोलतात. बायका संध्याकाळच्या गाडीबद्दल बोलतात, कारण कामावरून परतताना फाट्यापासून गावापर्यंतचा अंधाराचा रस्ता त्यांना चालायचा असतो. कंपनीत दुसऱ्या पाळीला जाता येत नाही, शिवणाचा किंवा नर्सिंगचा कोर्स अर्ध्यात सोडला, असं बरंच काही या एका प्रश्नातून बाहेर येतं.

शाळा-कॉलेजची यादी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या: तुमच्या गावातून आणि वाटेतल्या वाड्यांतून येणारे विद्यार्थी किती, मुली किती, शाळा भरते-सुटते कधी, पासधारक किती. पासवाली मुलं रोज तिकीट घेत नाहीत, त्यामुळे निव्वळ तिकिटावर हिशोब झाला तर पोरांनी भरलेली गाडीही कागदावर रोडावलेली दिसू शकते. म्हणून ही यादी अर्जाला जोडायचीच.

आगाराचा हिशोब समजून घ्या

एक गाडी, एक चालक, एक वाहक, यांची दिवसभराची जी फेऱ्यांची माळ असते तिला एसटीत 'नियत' म्हणतात. तुमची फेरी हा त्या माळेतला एक मणी. चालक-वाहकांचं काम आठ तासांत बसवावं लागतं, कामगार कायद्याचं तसं बंधन आहे. म्हणजे तुमच्यासाठी गाडी अर्धा तास लवकर सुटली, तर त्याच गाडीवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या गावाची वेळही हलते. 'आम्हाला गाडी द्या' म्हटल्यावर साहेब समोरचा तक्ता बघून गप्प का होतात, ते यावरून कळेल.

दुसरा शब्द 'भारमान'. गाडीच्या आसनक्षमतेच्या किती टक्के प्रवासी बसले, ते. आणि तिसरा, प्रति किलोमीटर उत्पन्न. साध्या गाडीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर एका टप्प्याला १० रुपये ५ पैसे. गावापासून तालुक्याचं अंतर २४ किलोमीटर असेल तर चार टप्पे, म्हणजे माणशी चाळीसच्या आसपास. तुमच्या मोजणीतले आकडे यात घालून फेरीचं अंदाजे उत्पन्न स्वतःच काढा आणि अर्जात लिहा. तुम्ही हिशोब करून आलात हे दिसलं की बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं.

आता मागणीचा क्रम. सगळ्यात सोपं म्हणजे आहे त्या फेरीची वेळ वीस-तीस मिनिटं मागेपुढे करणं किंवा वाटेत विनंती थांबा मिळवणं. त्यानंतर, शेजारच्या गावात येऊन परत फिरणारी गाडी तीन-चार किलोमीटर पुढे आणणं. याला नवी गाडी लागत नाही, नवे कर्मचारी लागत नाहीत. थोडं डिझेल आणि थोडा वेळ लागतो. माझा आग्रह असा की नव्या माणसांनी इथूनच सुरुवात करावी. पूर्ण नवी फेरी ही त्यानंतरची मागणी आणि मुक्कामी गाडी सगळ्यात शेवटची, कारण तिच्यात चालक-वाहकांची रात्रही येते.

खोऱ्याच्या टोकाला असलेल्या, मोजक्या घरांच्या गावांनी मात्र भारमानाच्या वादात उतरूच नये. तिथे भारमान भरणार नाही, आणि तरीही गाडी जायला हवी. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते नेहमीच्या फेरीवर तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकाच्या. डोंगराच्या पोटात रोज नेमाने जाणारं सरकारी असं दुसरं काय असतं? अशा गावांनी अर्जात लिहावं: दुसरं कुठलंही सार्वजनिक वाहन नाही, जवळचं आरोग्य केंद्र इतक्या किलोमीटरवर, माध्यमिक शाळा इतक्या किलोमीटरवर, पावसाळ्यात मोटरसायकलही चालत नाही. आणि आजूबाजूच्या पाच-सात वाड्यांनी मिळून एकच मागणी करावी.

रस्ता आणि वळण

गाडी नाकारण्याचं खरंखुरं कारण पुष्कळदा रस्ता असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची डांबरी रुंदी बहुधा पावणेचार मीटर, आणि एसटी अडीच मीटर रुंद, अकरा-बारा मीटर लांब. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि ती खचलेली असेल तर गाडी कलंडते.

आगाराची पाहणी होण्याआधी तुम्ही स्वतः तो रस्ता पायी चाला. एसटीचे जुने चालक पाहणीला आले की काय बघतात ते मी जवळून बघितलंय. मोरीपाशी गाडी थांबवून खाली उतरतात. कठडा आहे का बघतात. साइडपट्टीची माती बुटाने दाबून बघतात. चढाच्या वळणावर उभं राहून समोरचं किती दिसतं याचा अंदाज घेतात. मग वर बघतात, फांद्या आणि तारा. एका पाहणीत रस्ता उत्तम निघाला आणि गाडी अडली ती मारुतीच्या देवळापुढच्या चौकात, कारण तिथे वळण घ्यायच्या जागेवर ट्रॉल्या लावलेल्या होत्या. एका दमात वळायला साधारण पंचवीस मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर एखादा फुटलेला रस्ता हवा, ज्यात गाडी मागे घेऊन वळवता येईल. शाळेचं पटांगण चालेल असं सुचवू नका, तिथे पोरं खेळत असतात.

फांद्या छाटणं, ट्रॉल्या हलवणं, वळणाची जागा मुरूम टाकून सपाट करणं ही कामं ग्रामपंचायतीने करून टाकावीत. लोंबणाऱ्या तारांसाठी महावितरणला पत्र. मोरी आणि साइडपट्टीसाठी रस्ता कुणाचा आहे त्यावर पत्र कुणाला ते ठरतं: ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. या पत्रांच्या पोच आगाराच्या अर्जाला जोडा.

मुक्कामी गाडी मागत असाल तर चालक-वाहक झोपणार कुठे, हे आधी ठरवा. छपराची खोली, दिवा, पंखा, पाणी, स्वच्छ संडास, गाडीवर नजर राहील अशी जागा. देवळाच्या ओवरीत अंथरूण टाकून झोपायला लागलं की कुणीही त्या ड्युटीला यायला नाखूश असतो, आणि मग मुक्कामी गाडी वरचेवर 'आज आली नाही' होते. पहाटे तुमची पोरं सुखरूप नेणाऱ्या माणसाची झोप नीट व्हावी, यात सगळ्यांचंच भलं आहे.

ठराव आणि अर्ज

ग्रामसभेचा ठराव घ्या. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो. ठरावात मागणी नेमकी लिहून घ्या, कारण पुढे दोन वर्षांनी हाच कागद दाखवावा लागतो. नुसतं 'एसटी सुरू व्हावी' असा ठराव झाला तर त्याचा उपयोग नाही.

अर्जाचा गाभा असा असावा:

'सध्या सकाळी ८.१० वाजता आमच्या गावातून सुटणारी फेरी ६.२० वाजता सोडावी. कॉलेज ७.३० वाजता भरते. सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे विद्यार्थी व कामगार रोज या वेळेत जातात. परतीची फेरी सायंकाळी ५.४५ नंतर असावी. रस्त्याची पाहणी आम्ही केली असून वळणाची जागा ग्रामपंचायतीने मोकळी केली आहे. संयुक्त पाहणीसाठी तारीख कळवावी.'

वेळा तुमच्या घाला. शेवटचं वाक्य विसरू नका, कारण त्यामुळे अर्जाला पुढचं पाऊल मिळतं. मूळ प्रत आगार व्यवस्थापकांना. प्रती विभाग नियंत्रक, तहसीलदार, गटशिक्षणाधिकारी आणि आमदारांना. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

पाठपुरावा

एकाच माणसाने जात राहू नये. दोघा-तिघांनी जावं, त्यात एक शिक्षक आणि एक महिला असावी. जुलै २०२४ पासून एसटीने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. त्यात विभाग नियंत्रक स्वतः आगारात येऊन प्रवाशांचं ऐकतात. तुमच्या आगारात तो कधी आहे ते विचारून ठेवा आणि आवक क्रमांकाचा कागद घेऊन जा. तालुक्याच्या लोकशाही दिनातही विषय मांडता येतो.

गाडी कागदावर आहे पण वरचेवर रद्द होते, अशी तक्रार असेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. 'गाडी का येत नाही?' असं विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाहीत. 'अमुक मार्गावरील अमुक वेळेच्या फेरीच्या गेल्या तीन महिन्यांतील रद्द फेऱ्यांच्या नोंदींच्या प्रती' मागा. कागद हातात आला की वाद घालावा लागत नाही.

रास्ता रोको लगेच करू नका, असं मी कळकळीने सांगेन. पोरांवर गुन्हे दाखल होतात, नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ते आडवे येतात, आणि अडकून पडतात ते दुसऱ्या गावचे प्रवासी.

गाडी सुरू झाली की खरं काम

पहिल्या दिवशी नारळ फुटतो, चालक-वाहकांना हार घातले जातात. त्यानंतरचे दोन-तीन महिने ती फेरी टिकणार की नाही, हे ठरवतात. पाच मिनिटं आधी आलेल्या वडापमध्ये बसलात तर तुम्ही तुमच्याच अर्जावर पाणी टाकताय.

वडापवाली पोरंही आपल्याच गावची असतात, त्यांच्या गाड्यांचे हप्ते चालू असतात. एसटी येण्याआधीच त्यांच्याशी बसून बोला. वाड्यांपासून फाट्यापर्यंत आणि एसटी नसलेल्या वेळांना त्यांना काम राहतंच. हे बोलणं टाळलं तर नवीन गाडीच्या पुढे-मागे त्यांच्या चकरा सुरू होतात आणि गावात दोन तट पडतात.

प्रत्येकाने तिकीट घ्यायचं, फुकट असलं तरी. ७५ वर्षांवरच्या नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास. सवलतीची रक्कम राज्य सरकार एसटीला देतं आणि तिचा हिशोब तिकिटावरून होतो. आजोबांनी 'मला कशाला तिकीट?' म्हणून शून्य रुपयाचं तिकीट घेतलं नाही, तर त्यांचा प्रवास कुठेच नोंदला जात नाही. हे गावात दवंडीसारखं सांगत राहा. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. सगळ्या पोरांचे पास निघतील हे शाळेकडून बघून घ्या.

गाडीच्या वेळेची वही ठेवा. थांब्याजवळच्या किराणा दुकानदाराला हे काम जमतं: तारीख, गाडी आली ती वेळ, गाडीचा क्रमांक, आली नाही तर तसं. दर महिन्याला त्या पानाचा फोटो आगाराला पाठवा, नियमित आली त्या महिन्यातही, दोन ओळी आभाराच्या लिहून.

आणि एक तारीख डोक्यात ठेवा. शाळांना सुट्टी लागली की मेमध्ये बऱ्याच शालेय फेऱ्या बंद होतात आणि जूनमध्ये आपोआप सुरू होतीलच असं नसतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात आगार व्यवस्थापकांना पत्र द्या: शाळा आणि कॉलेज कुठल्या तारखेला उघडतंय, नवीन वर्षात पासधारक किती असतील आणि पहिल्या दिवशी सकाळची फेरी किती वाजता हवी. सोबत मुख्याध्यापकांची यादी. पोच घेऊन या.